कोपरा नसलेली खोली

होटगी रोडवरच्या त्या बंगल्यात धम्मप्रिया पहिल्यांदा गेली ती मे महिन्यातल्या एका सकाळी. मंजुनाथ अण्णांनी तिला घरात न नेता आधी गॅरेजकडे नेलं. गाडी बाहेर उन्हात उभी होती, आणि गाडीच्या जागी, अण्णांच्याच कारखान्यातल्या टॉवेलांत गुंडाळलेली मोठमोठी लाकडी पॅनेलं भिंतीला टेकवून ठेवली होती. अण्णांनी एकावरचा टॉवेल बाजूला केला तेव्हा आधी दिसला तो एक शिंपला. लाकडात कोरलेला, कडांना सोनेरी मुलामा दिलेला, आणि मधोमध नव्हे तर किंचित डावीकडे कललेला. त्याच्यातून एक वेल निघाली होती, ती वळत वळत वर जाऊन पानांची झाली होती आणि पानांतून पुन्हा दुसराच कुठला तरी शिंपला उमलला होता. सबंध पॅनेलवर एकही सरळ रेघ नव्हती.

"रोकोको," धम्मप्रिया म्हणाली.

"काय म्हणतात ते मला ठाऊक नाही," अण्णा म्हणाले. "हैदराबादला एका जुन्या सामानवाल्याकडं मिळालं. कुठल्या तरी हवेलीतली ही अख्खी खोलीच आहे. भिंतीवरची पॅनेलं, सोफा, खुर्च्या, आरसा, सगळं. मला ती इथं तशीच्या तशी उभी करून पाहिजे. हिच्यासाठी."

'हिच्यासाठी' म्हणताना त्यांनी घराकडे पाहिलं नाही.

अण्णांचा टॉवेलचा कारखाना जसा गावाला माहीत होता तसं त्यांच्यावर गुदरलेलंही. एकुलता एक मुलगा, शिवयोगी, दिवाळीला पुण्याहून गाडीनं येत असताना टेंभुर्णीच्या अलीकडे उभ्या ट्रकवर आदळला होता. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता, गळ्यात मफलर आणि ओठांवर कुणाला तरी चिडवत असल्यासारखं हसू. तेव्हापासून त्याची आई, धनलक्ष्मी, बोलत नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात ती पाटावर बसून असायची, तोंडावर पदर, नजर अंगणातल्या नळाकडे, आणि घरातली जुनी स्वयंपाकीण काशम्मा तिला धक्का लागू न देता तिच्या भोवतीनं कामं उरकत राहायची. पहिल्या दिवशी धम्मप्रियाला पाणी दिलं ते काशम्मानंच. धनलक्ष्मीनं मान वर केली नाही.

धम्मप्रिया कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील वर्कशॉपमध्ये फिटर होते. दोन खोल्या, लोखंडी कॉट, आणि भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, वडिलांनी दोरी धरून अगदी एका रेषेत टांगलेली. पुण्याला इंटिरियरचं शिक्षण घेताना सरांनी पडद्यावर फ्रान्समधल्या त्या जुन्या रोकोको खोल्या दाखवल्या होत्या, तेव्हा वर्गातल्या मुली हरखून गेल्या होत्या आणि हिला मात्र कुणी तोंडात साखर कोंबावी तसं झालं होतं. राजाच्या दरबारी डामडौलाला कंटाळलेल्या श्रीमंतांनी गप्पांसाठी, खेळासाठी, मन रमवण्यासाठी या खोल्या सजवल्या, असं सर सांगत होते. फिकट गुलाबी, फिकट निळा, सोनं, आरसे, शिंपले, वेली. दोन बाजू एकमेकींसारख्या नसतात आणि तरी तोल सुटत नाही, ही त्यातली गंमत. तेव्हा धम्मप्रियाच्या मनात एवढंच आलं होतं, की या खोलीत एखाद्याला वाईट बातमी सांगायची झाली तर तो उभा कुठं राहून सांगेल?

तरीही तिनं काम घेतलं. सोलापुरात असं काम पुन्हा कुणी दिलं नसतं. आणि शिवाय तिला त्या दिवसांत हाताला काम हवंच होतं. तिची आई, मीनाबाई, धाकट्या भावाकडे, नवनाथकडे, कुर्डुवाडीलाच राहत होती आणि तिच्या किडन्या हळूहळू हात टेकत चालल्या होत्या. दर आठवड्याला नवनाथचा फोन यायचा आणि दर आठवड्याला तो आधीपेक्षा कमी बोलायचा.

"हे घ्यावं असं तुम्हाला का वाटलं?" तिनं अण्णांना विचारलं होतं.

सुताच्या व्यवहारासाठी ते हैदराबादला गेले होते, म्हणाले. उन्हातून फिरून दमले आणि कुणीतरी भेटायला यायचं होतं म्हणून त्या दुकानात टेकले. "त्या सोफ्यावर बसलो, मॅडम. मागं ही पॅनेलं लावलेली. त्यानं चहा मागवला. आणि मी हसलो. कशावर ते आठवत नाही. शिवू गेल्यावर पहिल्यांदा हसलो."

मग त्यांनी सांगितलं, की दुकानदाराला ते विकायची घाईच होती, पण त्याची बायको तिथंच खुर्चीवर बसून होती. हमालांनी खुर्चीला हात घातला तेव्हा ती हसत हसतच उठली, आणि ट्रक निघाला तेव्हा त्याच्या मागं मागं हमरस्त्यापर्यंत चालत आली.

पूर्वेकडचा हॉल रिकामा करून काम सुरू झालं. पॅनेलं मागून अगदी ओबडधोबड होती, तासणीचे घाव तसेच राहिलेले, आणि पुढून पाहावं तर लाकूड कधी कठीण होतं यावर विश्वास बसू नये. ती खरोखर फ्रान्समधली होती की इथल्याच कुणी हौशी नवाबानं नंतर करवून घेतलेली नक्कल, हे धम्मप्रियाला ठरवता आलं नाही. चारही कोपऱ्यांत बसवायची पॅनेलं गोलाई दिलेली होती. ती बसली आणि हॉलचे कोपरे नाहीसे झाले. वर, भिंत संपून छत सुरू होतं तिथंही पानांची एक लाट अशी वळवलेली होती, की नजर वर जायची आणि कुठंच न अडखळता समोरच्या भिंतीवरून खाली उतरायची. लहान मूल रुसलं की कोपऱ्यात जाऊन बसतं. या खोलीत तशी जागा उरली नव्हती.

सयाजी मिस्त्री तिच्याकडे बरीच वर्षं कामाला होता आणि त्याची तक्रार नाही असा दिवस तिनं पाहिला नव्हता. कधी गुडघे, कधी प्लायवूडवाला, कधी जावई. तो त्या खोलीत काम करताना गुणगुणायला लागला.

"हितं काम कराय बरं वाटतंय, म्याडम," तो म्हणाला. "भांडायचं सुचतच न्हाय."

ती हसली. मग ती स्कूटरवर बसून निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आज सयाजीनं पॅनेल उलटं धरलं होतं, एक पान मोडलं होतं, आणि आपणही त्याला काहीच बोललो नाही.

पडद्यांचे नमुने पाहायला म्हणून अण्णा एके दिवशी धनलक्ष्मीला हाताला धरून घेऊन आले. सोफा तेव्हा जागेवर आला होता, त्याचे वळलेले पाय एखाद्या प्राण्यानं उडी मारण्याआधी घ्यावेत तसे किंचित आत घेतलेले. ती त्याच्या कडेवर टेकली. पदर तोंडावर होता. धम्मप्रियानं एकेक कापड तिच्यासमोर पसरलं, नवी पेठेतून मुद्दाम आणलेलं, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता ती बोलत राहिली. मग पदर खाली आला.

"हा रंग नको," धनलक्ष्मी म्हणाली. "याच्यापेक्षा फिका. सकाळी कण्हेरीला असतो तसा."

अण्णा दारात उभे होते. ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून रडले. त्या दिवशी धम्मप्रियाला आपल्या व्यवसायाचा जितका अभिमान वाटला तितका कधीच वाटला नव्हता. घरी जाताना तिनं मुद्दाम नवनाथला फोन करून हे सांगितलं, आणि नवनाथ म्हणाला, "ताई, तिला पण एकदा ने की तिथं. आपल्या आईला." दोघं हसले.

त्यानंतर धनलक्ष्मी रोज खोलीत येऊन बसू लागली. काम चालू असतानाच बसायची. बोलायची, हसायची, सयाजीला सरबत द्यायला सांगायची. सरबताचा ट्रे काशम्मा आणायची, पण उंबऱ्यापर्यंतच. तिथं ती वाकून ट्रे खाली ठेवायची आणि मागं फिरायची. म्हातारीला आतल्या गालिच्याचा संकोच वाटत असेल असं धम्मप्रियानं धरून चाललं.

आषाढात शिवयोगीचा वाढदिवस आला. अण्णांनी त्याचा वर्तमानपत्रातलाच फोटो मोठा करून, चंदनाचा हार घालून आणला होता आणि तो या खोलीत लावायचा असं त्यांच्या मनात होतं. धम्मप्रियाही त्या वेळी तिथं होती. त्यांनी फोटो सोफ्यासमोर उभा धरला. धनलक्ष्मीनं मान तिरकी करून तो पाहिला.

"इथं नाही शोभत," ती म्हणाली. "चौकट फार सरळ आहे."

अण्णांनी फोटो स्वतःकडे वळवून पाहिला. "खरंच," ते म्हणाले. "आणि काळी. या रंगांत काळं फार दिसतं."

"मी सुद्धा तेच म्हणणार होते," धम्मप्रिया म्हणाली.

तिघंही हसले. मोठ्यानं नव्हे, पाहुण्यांत हसतात तसं. मग अण्णा फोटो घेऊन बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं धम्मप्रियाही टेप आणायला म्हणून बाहेर आली तर ते व्हरांड्यात तसेच उभे होते, फोटो छातीशी धरून. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "मी आत काय बोललो?"

आपणही आत काय म्हणालो, ते तिला आत्ता कळत होतं. ती तिथंच पायरीवर बसली. आत धनलक्ष्मी काहीतरी गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं काशम्माला स्वयंपाकघरात गाठलं. काशम्मा भाकरी थापत होती. आत का येत नाहीस, असं धम्मप्रियानं विचारलं तेव्हा तिनं हात थांबवला नाही.

"पयल्या दिशी गेलते की," ती म्हणाली. "पुसून घ्याय. आमचे मालक जाऊन लई वर्सं झाली, म्याडम. पण भाकरी करताना रोज येतात डोळ्याम्होरं. पयली भाकरी त्यांना लागायची, करपलेली. आत गेले तर येईनात. मी आठवून बघितलं, तोंड बी आठवंना, आणि आठवंना त्याचं काय वाटंना बी. बरं वाटत हुतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ब्याड री. नको मला ते बरं वाटणं."

"आणि धनलक्ष्मीवहिनी?"

"अक्का आता भाईरच येत न्हाईत. तितंच झोपतात. भाईर आणलं एकदा अण्णांनी अंघोळीला, तर दारातच खाली बसल्या. कालच पोरगं गेल्यावानी रडल्या. मग काय, नेलं परत आत." तिनं भाकरी उलटली. "जेवाण ठेवते मी उंबऱ्यावर. कधी घेतात, कधी विसरतात."

धम्मप्रिया खोलीत गेली. सयाजी जेवायला गेला होता, धनलक्ष्मी सोफ्यावर डोळे मिटून पडली होती, तोंडावर मंद हसू. ती खरोखरच खूप वाळली होती. धम्मप्रियानं उभ्या उभ्या डोळे मिटले आणि मुद्दाम वडिलांचा शेवटचा दिवस आठवायचा प्रयत्न केला. वर्कशॉपमधून माणसं आली होती ती संध्याकाळ, आईनं हातातलं ताट ठेवलं तो आवाज. ताट आठवलं. पितळी होतं, काठाला बारीक नक्षी होती. नक्षी किती छान होती, असं तिच्या मनात आलं, आणि तिथून पुढं तिला जाताच येईना. तिनं डोळे उघडले. ऊन पडद्यातून गाळून येत होतं, शिंपल्यांच्या कडा चमकत होत्या, आणि तिच्या अंगात इतकं हलकं वाटत होतं की भीती वाटायला हवी हे कळूनही तिला भीती वाटली नाही. ती बाहेर पायरीवर आल्यावर वाटली.

ती अण्णांच्या येण्याची वाट पाहत व्हरांड्यातच थांबली. ते आल्यावर तिनं सरळच सांगितलं, की ही पॅनेलं काढू या. कारण तिला सांगता आलं नसतं, पण अण्णांनी ते विचारलंही नाही.

"काढा," ते म्हणाले. "मी पण तेच म्हणणार होतो. ती रडेल, ओरडेल, पण आपली राहील. कारखान्यातून पोरं बोलावतो, आजच काढा." ते चपला काढून दाराकडे वळले. "थांबा, आधी तिला सांगून येतो. न सांगता नको."

ते आत गेले. धम्मप्रिया बाहेर उभी राहिली. आधी त्यांचा खालच्या पट्टीतला आवाज ऐकू आला, मग धनलक्ष्मीचा, मग दोघांचं हसणं. ती वाट पाहत राहिली. कुंपणाशी एक गाय येऊन बोगनवेल हुंगून निघून गेली. शेवटी ती उंबऱ्यापाशी गेली आणि तिनं आत डोकावलं. अण्णा खुर्चीत बसले होते, एक पाय दुसऱ्यावर टाकून.

"या की मॅडम," ते म्हणाले. "आरसा तेवढा राहिलाय बघा. तो कधी लावताय?"

धम्मप्रिया आत न जाता निघून आली. पण आरसा दोन दिवसांनी लागला. सयाजीनं तिला न विचारताच लावला, आणि कामाचं समाधान वाटून तो संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला होता असं काशम्माकडून कळलं.

तिनं ते काम मनातून काढून टाकलं. काढून टाकायला कारणही होतं. मीनाबाईला नवनाथनं सोलापूरला आणून दवाखान्यात ठेवलं होतं. पाय सुजून चकाकत होते, श्वास घेताना घशात काहीतरी घासल्यासारखा आवाज यायचा, आणि डायलिसिसहून परत आणलं की ती तासन् तास कण्हत राहायची. डॉक्टरांनी नवनाथला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. तो कामावरून रजा टाकून आला होता. बहीण-भाऊ आळीपाळीनं बसत होते.

"बोलू नको काय," आई म्हणायची. "नुसती बस माज्यापाशी."

नुसतं बसणं हेच धम्मप्रियाला जमत नव्हतं. ती आईचे केस विंचरायची, चादर सारखी करायची, बाटल्या एका रेषेत लावायची. आई डोळे उघडून तिच्याकडे पाहायची तेव्हा त्या नजरेत एवढी भीती असायची, की ती पाहून घेणारं कुणीतरी तिथं असायला हवं होतं, आणि धम्मप्रिया पाणी आणायला उठायची.

"माज्या वक्ताला तू हितं पायजे," एकदा आई म्हणाली. "नवनाथ घाबरतोय लई."

"इथंच आहे मी," धम्मप्रिया म्हणाली.

त्याच दुपारी, घरून कपडे आणायला म्हणून निघालेली तिची स्कूटर होटगी रोडला वळली. ती रडत होती आणि समोरचं नीट दिसत नव्हतं. फक्त थोडा वेळ, असं तिनं ठरवलं होतं. एवढंच, की परत जाऊन आईपाशी नीट बसता यावं. काशम्मानं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली, पण धम्मप्रिया खोलीकडे वळली तेव्हा तिनं तिचा दंड धरला. धम्मप्रियानं हात सोडवून घेतला.

आत सगळं जिथल्या तिथं होतं, अण्णाही त्यांच्या खुर्चीत होते. धनलक्ष्मीनं तिला पाहून, ती रोजच येत असल्यासारखं, शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीचे हात तळव्याखाली वळले होते, जणू उलट त्यांनीच तिचा हात धरावा. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो रडलेला नव्हता. तिघं कशाबद्दल बोलत होते हे तिला नंतर सांगता आलं नसतं. कण्हेरीबद्दल असेल, कापडाबद्दल असेल. ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि व्हरांड्याच्या पायरीवर ते सगळं तिच्यावर असं कोसळलं की स्कूटरचं हँडल धरून ती कितीतरी वेळ वाकून उभी होती. दवाखान्यात पोचल्यावर नवनाथनं विचारलं, कपडे कुठं आहेत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग रोजच जाऊ लागली. साइटवर जाऊन येते, असं ती सांगायची. नवनाथ मान हलवायचा. आईनं काही विचारायचं सोडून दिलं होतं, नुसती तिच्याकडे पाहायची, आणि ते पाहणंच सहन होत नव्हतं म्हणून ती जात होती.

श्रावणातली ती दुपार फार सुरेख होती. सकाळी एक सर येऊन गेली होती आणि पडद्यांतून येणारा उजेड ओला वाटत होता. अण्णा खुर्चीत होते; कारखान्याकडून फोन येत राहायचे आणि ते हसून फोन पालथा ठेवायचे. त्यांची दाढी वाढली होती, त्यांना ती शोभतही होती. धनलक्ष्मीची मनगटं पानांच्या देठांसारखी झाली होती. धम्मप्रिया आरशाजवळ बसली होती आणि तिच्या हातात फोन थरथरला.

"ताई," नवनाथ म्हणाला. "ताई, आई गेली."

"आई गेली?" धम्मप्रिया म्हणाली. "बरं."

"कुठं आहेस तू? ती तुला हाक मारत होती. सारखी दाराकडं बघत होती."

"इथंच आहे रे, जवळच." तिचा आवाज तिला स्वतःलाच फार गोड वाटला. "तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मग तोही ऐकू येईना. तिनं फोन मांडीवर ठेवला. जे वाटायला हवं होतं ते कुठं तरी होतं, हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. ते बाहेर व्हरांड्यात तिच्या चपलांपाशी बसून होतं आणि तिनं दार ओलांडताच तिच्या अंगावर येणार होतं. उठायला हवं, असं तिनं मनाशी म्हटलं. वाक्य छोटंसं आणि छान होतं. तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.

"कुणाचा फोन?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"भावाचा."

"बरं आहे ना सगळं?"

"हो."

धनलक्ष्मीनं मान डोलावली आणि साडी आवरून सोफ्यावर थोडी सरकली. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली. "इकडे ये," ती म्हणाली, "तिथं उन्हाची तिरीप येते." धम्मप्रिया उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. गादी मऊ होती.

उंबऱ्यावर भांडं वाजलं. काशम्मा चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि तिच्या हातून तो निसटला होता. चहा दगडी फरशीवर पसरत होता, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. दाराच्या चौकटीला एका हातानं घट्ट धरून तिनं दुसरा हात आत लांबवला, जितका लांबवता येईल तितका.

"चल की, पोरी," ती म्हणाली. "चल. आई पडलीय तुजी तितं. ऊठ."

तिच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून खाली टपकत होतं. धम्मप्रिया तिच्याकडे पाहून मायेनं हसली. इतक्या सुंदर दुपारी ही म्हातारी का रडत असेल, ते तिला काही केल्या कळेना.